बांधावरचं ओलं पोतं

मी पोतं बोलतोय. तागाचं, एकेकाळी शंभर किलो साखर पोटात घेतलेलं आणि आता अर्धं जळालेलं. माझी उजवी बाजू काळी पडलीय, खालचा एक कोपरा नाहीच. अंगाला धुराचा वास येतो, पाच पावसाळे झाले तरी तो गेला नाही. ज्यांना नाक मुरडायचं त्यांनी खुशाल मुरडावं. मला ज्यांनी जाळलं त्यांची नाकं गावात अजून ताठ आहेत, मग मी कशाला लाजू?

माझा ताग बंगालचा. तिकडच्या गिरणीत विणला, शिवला, गठ्ठ्यात बांधला गेलो आणि इकडच्या एका साखर कारखान्यात येऊन पडलो. त्र्याण्णवचा हंगाम होता. माझं तोंड नळकांड्याला लावलं आणि कोमट साखर सरसर पोटात उतरली. लोकांनी मला मान दिला तो तेवढ्यापुरताच. दिवाळीला सभासदांना साखर वाटली तेव्हा गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटलेल्या एका गावात, हंबीररावांच्या माडीवर मी जाऊन बसलो.

हंबीरराव म्हणजे गावातले मोठे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. साखर संपली आणि त्यांच्या घरातलं माझं कामही संपलं. मला गोठ्यात भिरकावलं. वर्षभर म्हशीच्या पायाखाली होतो.

एक दिवस पिराजी त्यांच्या दारात आला. बौद्ध गल्लीतला माणूस. स्वतःचा बावीस गुंठे ऊस, तोही नेमका हंबीररावांच्या बांधाला लागून. आणि बाकीचे दिवस हंबीररावांच्याच रानात रोजगार. हंबीररावांनी मला पायानं पुढं सरकवलं.

"घे पिराजी. पोरगीला पावसात डोक्यावर घ्यायला हुईल."

पिराजीनं मला दोन्ही हातांनी उचललं. जणू भर सभेत शाल मिळाली. मला तिथंच त्याचा राग आला.

पण पोरगी चांगली निघाली. रूपाली तिचं नाव, पाचवीत होती. माझा एक कोपरा दुसऱ्यात खोचून तिनं खोळ केली आणि सात वर्षं मला डोक्यावर घेऊन ती शाळेला गेली. वरनं मी भिजायचो, आत तिची वह्या-पुस्तकं कोरडी असायची. चालता चालता ती पाढे म्हणायची, पुढं पुढं विज्ञानाची उत्तरं म्हणायची. शाळेच्या दारात मला बाहेर ठेवायचे, घाण वास येतो म्हणून. छत्र्या मात्र आत जायच्या.

बारावीला तिचा फिजिक्स राहिला. फिजिक्सच्या सरांनी त्या वर्षात किती तास घेतले हे कुणी विचारलं नाही. पिराजी म्हणाला, "बास झालं शिक्षान." गावातल्या शहाण्यांनी माना डोलावल्या. पोरगं नापास झालं की ऑक्टोबरला पुन्हा बसवतात, पोरगी नापास झाली की पावणं बघायला लागतात. कुरुंदवाडचं एक स्थळ आलंच. मीही तेव्हापासून दारात पायपुसणं होतो. दोघांचीही शाळा एकदमच सुटली म्हणा.

दोन हजार दोनच्या डिसेंबरात कृषी खात्याचे एक साहेब गावात आले. ग्रामपंचायतीपुढं बैठक ठेवली. खुर्च्या सोसायटीच्या संचालकांना, पोती पोरांना. रूपालीनं मला काखेत मारून नेलं आणि खाली अंथरलं. साहेब तरुण होते. हवामान कसं बदलतंय, उन्हाळा कसा लांबतोय, पाऊस येतो तेव्हा कसा एकदम कोसळतो आणि नाही तेव्हा महिना महिना तोंड दाखवत नाही, हे ते कागदावर चित्र काढून सांगत होते. पहिल्या रांगेत हंबीरराव सुपारी कातरत होते.

"साहेब, पाऊस देवाच्या हातात. बोअरचं अनुदान कवा सुटणार, तेवढं सांगा."

सगळे हसले. चहा आला, चहा संपला आणि खुर्च्या रिकाम्या झाल्या. साहेबांसमोर सात पोरंपोरी उरली, सगळी पोत्यांवर बसलेली. त्यातली एक रूपाली. आणि एक हंबीररावांचा मुलगा कृष्णात, तोही कॉलेज सोडून घरी बसलेला.

साहेब मग पाचटावर आले. ऊस तोडून नेला की वाळलेला पाला रानात गुडघाभर उरतो, ते पाचट. आमच्याकडं ते पेटवतात. आज्यानं पेटवलं, बापानं पेटवलं, म्हणून पोरानं पेटवायचं. रान मोकळं होतं, बुडख्यातनं पुन्हा फुटणारा ऊस, म्हणजे खोडवा, जोमानं येतो असं म्हणतात. साहेब म्हणाले, येत नाही. जमिनीचं खाद्य जळतं, ओल जाते आणि धूर वर जातो तो वेगळाच.

कृष्णात म्हणाला, "म्हंजे जग तापतंय त्यात आमच्या आबांची काडी बी हाय?"

"आहे. लहान आहे, पण आहे. आणि बाकीचं जग तुमच्या हातात नाही, ही काडी आहे."

रूपालीनं माझ्या कडेचा एक दोरा बोटाला गुंडाळला आणि बोट पांढरं होईपर्यंत ओढत राहिली. काहीतरी ठरवायचं असलं की ती तसं करते.

फेब्रुवारीत पिराजीचा ऊस कारखान्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काडेपेटी घेऊन रानात आला. बघतो तर पाचटाच्या मधोमध मी अंथरलेला आणि माझ्यावर रूपाली बसलेली.

"ऊठ. पेटवायचं हाय."

"न्हाय उठत. पेटीव."

"डोस्कं फिरलंय काय तुझं? अगं, मावा पडलाय उसावर. जाळल्याबिगर जातोय व्हय?"

त्या साली उसाच्या पानांवर पांढरा लोकरी मावा पडला होता. जाळायला म्हाताऱ्यांना आयतं कारण मिळालं होतं.

"मावा खाणाऱ्या अळ्या बी त्यातच जळत्यात, आण्णा. साहेबानं दावल्यात मला."

"हंबीरराव आबा काय म्हणतील? लोकं हसतील."

"कवा रडली हाईत लोकं आपल्यासाठी?"

पिराजी काडेपेटी खिशात घालायचा, पुन्हा काढायचा. आयुष्यभर दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून चाललेला माणूस, स्वतःच्या रानात उभा राहूनही त्याला हंबीररावांचं तोंड आठवत होतं. शेवटी म्हणाला, "एक वरीस. खोडवा न्हाय फुटला तर कुरुंदवाडची सुपारी फोडायची. मग तोंडातनं शब्द काढायचा न्हाय."

"चाललं," रूपाली म्हणाली.

बघा, कशावर काय लावलं ते. बावीस गुंठ्यांच्या पाल्यावर पोरीचं आयुष्य. म्हाताऱ्यांना असले सौदे जमतात.

त्या सातजणांनी मिळून बुडखे जमिनीलगत छाटले, पाचट सरीत दाबलं, त्यावर युरिया आणि सुपर फॉस्फेट टाकून पाणी दिलं. बांधावरनं जाणारे थांबून बघायचे. "काय गं रूपाली, रानाला वाकाळ घातलीस व्हय? थंडी वाजतीया काय त्येला?" वाकाळ म्हणजे गोधडी. ती पाचट दाबत राहिली.

मार्चमध्ये एका सकाळी कृष्णात धावत आला. "आज दुपारी आबा आमचं रान पेटवणार हाईत. तुझ्या बांधाकडनं."

आमच्या गावात एक रीत आहे. मोठ्याच्या रानातली आग लहानाच्या रानात शिरली की मोठ्यानं "वारं फिरलं" म्हणायचं आणि लहानानं "व्हय" म्हणायचं. झालं, विषय संपला. पिराजीनं आजवर तीनदा "व्हय" म्हटलं होतं.

दुपारी बांधावर पोरं उभी होती. प्रत्येकाच्या हातात पाटात बुडवून काढलेलं पोतं. कृष्णात नव्हता. रूपालीच्या हातात मी. पाणी निथळत होतं आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा मला वाटलं, आपण नुसतं अंथरायची वस्तू नाही.

हंबीरराव आले. त्यांनी पोरांकडं बघितलंच नाही, पिराजीकडं बघितलं.

"पिराजी, पोरीला घरात घे."

पिराजी म्हणाला, "ऐकत न्हाय, आबा."

"आबा, उद्या पेटवा," रूपाली म्हणाली. "वारं हिकडंच वाहतंय. न्हाईतर पलीकडनं पेटवा."

"माझ्या रानात कुठनं पेटवायचं हे तू शिकवणार? बारावी नापास?"

आणि त्यांनी काडी ओढली.

पाचट पेटतं तेव्हा आवाज होतो, शंभर माणसं एकदम कागद फाडतायत असा. ज्वाळा माणसाच्या वर गेल्या. वारं होतंच. ठिणग्या बांधावरनं उडाल्या आणि रूपालीच्या रानात पडल्या. पोरं धावली. जिथं धूर दिसेल तिथं पोतं आपटायचं. मी किती वेळा आपटला गेलो मला माहीत नाही. आधी अंगातलं पाणी वाफ होऊन गेलं, मग सुतळी जळायला लागली. उजवी बाजू गेली. रूपालीनं मला सोडलं नाही. पाटात बुडवायची आणि पुन्हा आपटायची. तिच्या भुवया होरपळल्या होत्या.

तेवढ्यात धुरातनं पलीकडच्या बाजूनं कुणीतरी आलं. कृष्णात. बापाच्या रानातनं, हातात ओलं पोतं घेऊन.

हंबीरराव ओरडले, "कृष्ण्या, हिकडं ये."

तो आला नाही. ज्या बांधावर त्याचा बाप उभा होता त्याच बांधावर, बापाकडं पाठ करून तो पोतं आपटत राहिला. आणि मग मी बघितलं, पिराजी. अंगातला सदरा काढून त्यानं पाटात बुडवला होता.

चार गुंठे गेले. अठरा वाचले.

धूर खाली बसल्यावर हंबीरराव खाकरले. "वारं फिरलं गा, पिराजी."

सगळे पिराजीकडं बघायला लागले. त्याची छाती उघडी, सदऱ्याची चिंधी हातात. त्याच्या तोंडातनं "व्हय" काही बाहेर आलं नाही.

रूपाली म्हणाली, "आबा, वाऱ्याला काडी वढता येत न्हाय."

पुढचं ऐका. त्या साली पावसानं दगा दिला. नदीचं पात्र उघडं पडलं, मोटारी बंद ठेवायचा हुकूम निघाला, चाळीस दिवस कुणाच्या उसाला पाणी नाही. हंबीररावांचा ऊस पिवळा पडून माना टाकायला लागला. रूपालीच्या अठरा गुंठ्यांत पिराजी रोज सकाळी जाऊन बसायचा. एक दिवस त्यानं पाचट बाजूला सारलं आणि खाली हात घातला. हात ओला निघाला. बोटाला गांडूळ चिकटलं होतं. ते त्यानं हळूच परत ठेवलं, वर पाला ओढला आणि घरी येऊन कुरुंदवाडला निरोप धाडला: पोरगी रानात गुतलीया, तुम्ही दुसरीकडं बघा.

पोरीला एका शब्दानं "बरं केलंस" म्हणाला नाही. असो. त्या पिढीकडनं तेवढंच निघतं.

दुष्काळानंतर दोन वर्षांनी महापूर आला. साहेबांनी कागदावर काढलेलं चित्र गावानं दारात बघितलं. तरीही पाचट जाळणारे जाळतच होते. पण सातांची वीस पोरं झाली. मार्च आला की बांधाबांधावर ओली पोती उभी राहायला लागली, आणि काडी ओढायच्या आधी माणसं इकडंतिकडं बघायला लागली.

मग व्हायचं तेच झालं. गेल्या जानेवारीत तालुक्याच्या कार्यक्रमात पाचट राखणारा प्रगतशील शेतकरी म्हणून सत्कार झाला हंबीररावांचा. हो, त्यांचाच. दोन वर्षांपासून ते जाळत नाहीत, हे खरं. का जाळत नाहीत, हे त्यांनी भाषणात सांगितलं नाही. "आम्ही या मातीला आई मानलं," म्हणाले. शाल आली, नारळ आला. पोरांना आरतीची ताटं धरायला बोलावलं होतं. रूपाली गेली नाही. स्टेजपुढं खाली मला अंथरून बसून राहिली.

कार्यक्रम झाल्यावर हंबीरराव स्वतः तिच्यापाशी आले. खांद्यावर शाल तशीच होती.

"रूपाली, त्ये पोतं दे. सोसायटीच्या हापिसात काचेत लावतो. गावाचा इतिहास हाय त्यो."

बाकीचे म्हातारे "व्वा, व्वा" म्हणाले. मला एकदा या माणसानं पायानं सरकवलं होतं आणि आता तो मला काचेत घालायला निघाला होता. म्हणजे मी भिंतीवर टांगला गेलो की सगळं होऊन गेलं, असं गावाला वाटणार. खाली खुर्च्या टाकून हे चहा पिणार.

रूपाली उठली. मला झटकलं, धूळ त्यांच्या शालीवर उडाली. तिनं माफी मागितली नाही.

"न्हाय आबा. वरच्या शिवारात अजून चाळीस जण जाळत्यात. त्यातले निम्मे तुमच्याच सोसायटीचे. काच त्यांच्या काडीला लावा. पोत्याला काम हाय."

कृष्णात मागं उभा होता. तो हसला, बापासमोर.

तर आज मार्चची सकाळ आहे. रूपालीनं मला खुंटीवरनं काढून पाटाच्या पाण्यात बुडवलंय. थंड पाणी जळक्या बाजूनंही आत शिरतंय. वरच्या शिवारात कुणीतरी काडेपेटी घेऊन निघालाय, त्याच्या वयाचा मान वगैरे आहेच. पण वीस पोरं निघालीत आणि मी त्यांच्यातल्या पुढच्या पोरीच्या खांद्यावर आहे.

माझी उजवी बाजू गेली. डावी अजून शिल्लक आहे. तुमच्या घरात, गोठ्यात, दारात माझ्यासारखं एखादं पोतं पडलेलं असेलच. त्यावर नुसते पाय पुसू नका. भिजवा आणि बांधावर या.