नवा पट्टा

"मिस्तरी, माझ्या तोंडावर सांगताय आवाज नाही म्हणून?" शाळेची व्हॅन चालवणाऱ्या काकूंनी इंजिन चालूच ठेवलं होतं. "अहो, पोरं कानांत बोटं घालून बसतात. याच आवाजासाठी काल इंजिनाचा नवा पट्टा टाकलात ना?"

"टाकला. म्हणूनच तर आवाज नाही," बॉनेटखाली वाकलेले बाबा शांतपणे म्हणाले.

मला काहीच कळेना. आवाज तर होता. काचेवर खिळा ओढावा तसा चिरका. बाबांचा डबा द्यायला मी गॅरेजमध्ये आले होते, आणि खांद्यावर नुकताच डोळा लागलेली माझी लेक त्या आवाजानं दचकून उठली होती.

आधी वाटलं, बाबा वेड पांघरताहेत. पण ते तसे नाहीत. नट नीट आवळला होता का, या शंकेनं गिऱ्हाइकाच्या घरापर्यंत जाऊन आलेला माणूस. मग काकू खोटं बोलताहेत? आणि मी? आणि ही रडणारी पोर?

"बाबा, येतोय आवाज."

"तू पण? दोघी मिळून फिरकी घेताय काय माझी?" ते हसले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. हसू अर्ध्यावरच राहिलं.

त्यांनी लांब स्क्रू-ड्रायव्हर घेतला, टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली. "इंजिन येतंय... पंखा येतोय..." ते पुटपुटत राहिले. एखादी वस्तू नेहमीच्या जागी सापडू नये, तसा चेहरा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हल्ली लेक आनंदानं असंच चिरकं किंचाळायला शिकली आहे. परवा ती त्यांच्या पाठीमागे किंचाळली, सगळं घर हसलं, आणि बाबांनी मानसुद्धा वळवली नाही. मी दिवसभर फुगून बसले होते.

"पाण्याची बाटली दे," ते मला म्हणाले. फिरत्या पट्ट्यावर त्यांनी थोडं पाणी शिंपडलं. "आता?"

"थांबला! नाही... परत आला."

"वाढला का? नीट ऐक."

"वाढला नाही. होता तेवढाच."

"ढिला असता तर पाण्यानं वाढला असता. म्हणजे कुठलं तरी चाक तिरकं बसलंय."

इंजिन बंद केलं. पट्टा ज्या चाकांवरून फिरतो त्यांच्यावर बाबांनी एक सरळ लोखंडी पट्टी आडवी धरली. डायनॅमोच्या चाकापाशी पट्टीखाली फट दिसली.

"मागचा वॉशर. काल पट्टा बदलताना डायनॅमो उतरवला होता, तेव्हा वॉशर बसवायचा राहिला." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "चालू करून ऐकलं होतं मी. वाटलं, गेला आवाज."

बाबांनी डायनॅमो पुन्हा उतरवला, वॉशर घालून बसवला, पट्टा ताणला. या कामात त्यांचा हात कुठेच अडला नाही.

गाडी चालू केली. बाबा फडक्यानं हात पुसत उभे राहिले. ते इंजिनाकडे बघत नव्हते, माझ्या तोंडाकडे बघत होते.

"गेला," मी म्हटलं.

"आता कसं!" काकू खुलल्या. "मिस्तरी, तुमचा कान म्हणजे—"

"कानाचं नाव नका काढू, ताई." बाबांनी त्यांना मध्येच थांबवलं. "तो आवाज मला ऐकूच येत नाही. कालही आला नाही, आजही नाही. हिनं ऐकला, मी फक्त चाक सरळ केलं. पुढच्या वेळी माझ्याकडे यायचं की नाही, तुम्ही बघा. शाळेची पोरं असतात गाडीत."

काकू गोंधळल्या. किल्लीशी चाळा करत एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहू लागल्या. "बघते," एवढंच म्हणाल्या.

बाबांनी मान डोलावली आणि बॉनेट खाली सोडलं. खट्‌ झालं. ते नीट बसलं, हे आम्हा दोघींना आवाजावरूनच कळलं. बाबांनी दोन्ही तळहात ठेवून ते दाबून पाहिलं.