चिंगीचं जावळ

चिमाबाईची तीन लेकरं मातीआड झाली होती. चौथी चिंगी जगली ती नवसानं, असं सगळी वाडी मानायची. पोर पाच वर्षांची होईस्तोवर केसाला लोखंड लागू देणार नाही, मग तिचं जावळ कार्ल्याच्या डोंगरावर एकवीरेच्या पायी वाहीन, असं चिमाबाई बोलून बसली होती. येत्या चैत्राच्या जत्रेला पोरीची पाच वर्षं पुरी होणार होती. चिंगीचे केस कसले, करवंदीची जाळी झाली होती. उवा होत्या, फोड होते, पण हात लावायची छाती कुणाची?

ती छाती झाली हरीबाईची. खरं नाव हॅरिएट. ही तरणी मडम पदरचे पैसे मोडून, समुद्र ओलांडून स्कॉटलंडहून आली होती. कशाला, तर वाडीतली उघडीनागडी पोरं धुवायला आणि शिकवायला! तिचं मराठी ऐकून म्हशी माना वर करायच्या, पण पोरं तिच्यावर जीव टाकायची. चिमाबाईही चिंगीला रोज तिच्या कुडाच्या शाळेत धाडायची. नवसाचं मात्र तिनं मडमेला कधी सांगितलं नाही. असलं काय सांगायचं असतं? सगळ्यांना ठाऊकच असतं की!

त्या दुपारी भातकापणीवरून चिमाबाई विळा घेऊन परतली, तर शाळेच्या अंगणात चिंगी गूळ चघळत बसलेली. डोकं सफाचट, वर जांभळं औषध.

"क्येस कुटं हाईत गं?"

"हरीबाईनं जाळलं. उवा लय व्हत्या."

अंगणातल्या चुलीतून जळक्या केसांचा वास अजून येत होता. केस गेले म्हणजे पोर गेली, एवढंच चिमाबाईला कळलं. तिनं चिंगीच्या थोबाडीत ठेवून दिली आणि आवाज ऐकून बाहेर आलेल्या मडमेला दगड हाणला. कपाळ फुटलं. मडम भेलकांडली, "काय झाला? काय झाला?" म्हणत राहिली. चिमाबाईनं ऊर बडवून हाक घातली, तशी शिवारातली माणसं काठ्या घेऊन धावली.

बघता बघता शाळेचा कूड आडवा झाला. औषधाच्या बाटल्या फुटल्या, पाट्यांचा चुरा झाला. ज्यांच्या लेकरांची खरूज मडमेनं स्वतःच्या हातानं धुतली होती, त्याच बायांनी तिला लाथा घातल्या. अशा वेळी उपकार कुणाला आठवतात! तेवढ्यात चिमाबाईचा नवरा कान्हू कोयता परजत आला.

"एकवीरा आईनं माजी पोर न्यायच्या आदी हिचंच रगात देतो तिला!"

त्यानं चिंगीला दंडाला धरून बाजूला ओढलं. मडमेला वाटलं, बाप पोरीलाच कापायला आलाय. पळायची वाट मोकळी होती, पण ती पळाली नाही. झेप घेऊन तिनं चिंगीला पोटाशी धरलं आणि पालथी पडली. पाठीवर काठ्या बसत होत्या. कुठलंसं हाड मोडलेलं ऐकू आलं. ती किंचाळत होती, "मला मार! पोर नको!"

चिमाबाई थिजली. आपल्या हाताचा वळ पोरीच्या गालावर अजून लाल होता, आणि ही परकी बाई तिच्यासाठी मरायला पडली होती. तिला स्वतःची लाज वाटली. कान्हूचा कोयता वर गेला, तशी ती दोघींवर आडवी झाली. कान्हूला हात आवरता आवरेना. पातं तिच्या खांद्यात घुसलं.

"मागं हो!" ती ओरडली. "आईला रगात कुनी बोललं व्हतं? म्या क्येस बोलले व्हते, क्येसच देनार!"

तिनं मडमेची पिवळी वेणी मुठीत धरली आणि विळा ओढला. हातात दयामाया नव्हती; राग अजून होताच. मान हिसकली, कातडं सोललं, वेणी हातात आली. काठ्या खाली आल्या. लाथा घालणाऱ्या बायांनीच मग मडमेला बाजेवर घातलं आणि लोणावळ्याच्या दवाखान्याची वाट धरली.

चिमाबाई तशीच रक्ताळल्या खांद्यानं, चिंगीला कडेवर घेऊन डोंगर चढली. देवीपुढं वेणी ठेवली आणि कपाळ टेकलं.

"क्येस पोरीचं न्हाईत, आये. पर म्या तिला मारली तवा जिनं पोटाशी घेतली, तिचं हाईत. चालत आसंल तर ठेव. न्हाईतर मला ने."