कोरडा कप

"मी आठवडाभर लेकीकडे चाललेय. तोवर रोज सकाळी कपांत बोट फिरव, पोरी. दंगा करणारीची काळजी नको. जिचा कप कोरडा, तिच्याकडे बघ."

निवासगृहाच्या स्वयंपाकीण मावशींनी बजावलं, तेव्हा मी हसले. कपात बोट घालायला का मी पाच वर्षं मानसशास्त्र शिकले होते?

घरी राहणं धोक्याचं म्हणून आणलेल्या चौदा मुली तिथं राहायच्या. मी सहा महिन्यांच्या उमेदवारीवर. नंतर स्वतःचा दवाखाना काढायचा, छोट्या मुलांशी खेळत उपचार करायचे, असा बेत. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी? नको रे बाबा!

प्रत्येकीचा कप भिंतीवर तिच्या खिळ्याला असे. दूध प्यायचं, कप विसळून परत टांगायचा, अशी शिस्त.

सगळ्या जिला 'तोफ' म्हणायच्या, ती माझा सगळा वेळ खायची. दारं आपटायची, वर विचारायची, "त्या चष्म्यातून मी किती वाईट दिसते हो ताई?" 'घडी' मात्र गुणाची. सगळ्यांच्या चादरींच्या घड्या घालायची, वाढायला पुढे असायची. स्वतः जेवते का, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. विचारलं की "बरंय, ताई." मी अहवालात लिहिलं: छान रुळली आहे.

दुसऱ्या दिवशी ती चादरींच्या खोलीत कोसळली.

"प्रश्न कसले विचारताय? पाय धरा तिचे!" तोफ माझ्यावर ओरडली. आम्ही दोघींनी तिला जिन्यावरून खाली आणलं. डॉक्टर म्हणाले, चार-पाच दिवस पोटात अन्न नाही.

शुद्धीवर आल्यावर घडीच माझी समजूत घालू लागली. "तुम्ही घाईत होतात ना, ताई. आणि तोफेला जास्त गरज होती."

मावशी परतल्या. "रागवा तरी," मी म्हटलं.

"रागावून काय होतंय? उद्या सातला ये. दूध तू वाटायचंस."

सहा महिन्यांची नऊ वर्षं झाली. दवाखाना राहिलाच.

सध्या मी बाळंतपणाच्या रजेवर आहे. लेक तीन महिन्यांची. ती गाढ झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरते. नवरा म्हणतो, "अगं, झोपू दे तिला, हजेरी कसली घेतेस!" येणारे-जाणारे बाळाला बघून जातात. मला विचारलंच कुणी, तर मी म्हणते, "बरंय."

परवा घडी आली. आता ती नर्स आहे. तिने बाळाला घेतलं, दुपटं बदललं, जुन्याची नीट घडी घातली. मग पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर येईना. मी डोकावले. ओट्यावरच्या माझ्या कपात तिचं बोट होतं.

"ताई," ती हळूच म्हणाली, "कोरडा आहे."

तिने दूध तापत ठेवलं. मी तिथंच खाली बसून रडले.

तुमच्याही माहितीत 'बरंय' म्हणणारी कुणी असेल. हे वाचून झालं असेल, तर जरा तिचा कप बघून याल?