मौनीबाईचा पांढरा फळा

मित्रांनो, माझ्यावर खडू चालत नाही. मी पांढरा फळा आहे. आता जुना झालेला, एका कोपऱ्यात चेपलेला. कारखान्यात पत्र्यावर रंग चढवून मला गुळगुळीत केलं, चौकटीत बसवलं आणि एका ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर टांगलं.

तिथे शिकवणारे सर माझ्यावर चौक काढायचे, त्यात लोहचुंबकाच्या छोट्या गाड्या चिकटवायचे आणि म्हणायचे, "गाडी आधी तोंडाने चालवा. काय दिसतंय, काय करणार आहात, सगळं मोठ्याने बोला." शिकणारे लाजत पुटपुटायचे, "आरशात बघितलं... मागे बस आहे... मी थांबते."

"शाबास! तुम्ही गप्प बसलात, की मला माझ्या बाजूचा ब्रेक दाबावा लागतो."

त्या वर्षांत मला रोज मऊ कापडाने पुसलं जाई. पुढे तिथे मोठा पडदा आला, त्यावर गाड्या आपोआप धावू लागल्या आणि मी दाराआड गेलो. येणारेजाणारे माझ्यावर हेल्मेट टेकवत. कोपरा तेव्हाच चेपला. शेवटी सरांनीच मला उचललं आणि घरी, मुलीच्या खोलीत आणून टांगलं.

मुलगी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकत होती. स्वभावाने इतकी अबोल की सर तिला मौनीबाई म्हणत. त्या वर्षी ती सॉफ्टवेअर कंपन्यांमध्ये इंटर्नशिपसाठी मुलाखती देत होती. या मुलाखतींची रीत अशी, की समोरचा एक कोडं घालतो आणि ते त्याच्या देखत, लिहून सोडवायचं. मौनीबाई सोडवायची. पण सोडवताना एक अक्षर बोलायची नाही. एका ऑनलाइन मुलाखतीत तर पलीकडच्या माणसाला वाटलं, इंटरनेटच गेलं. "हॅलो? आवाज येतोय का?" असं विचारून त्याने दोनदा कॉल बंद करून पुन्हा लावला. नंतर कंपनीने कळवलं: उत्तर बरोबर होतं, पण विचार कसा केलात ते आम्हाला कळलं नाही.

दुसऱ्या कंपनीचंही तसंच झालं. आता एकच मुलाखत उरली होती. ती गेली असती तर वर्ष तसंच गेलं असतं, आणि पुढे नोकरी शोधताना हात रिकामे. ती माझ्यासमोर मार्कर घेऊन नुसती उभी राहायची.

सरांनी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले. "चालव."

"बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

"नाहीच कळत. म्हणून तर मोठ्याने चालव."

तिने माझ्यावर टिंबं काढली, रेघांनी जोडली आणि या टिंबापासून त्या टिंबापर्यंत सगळ्यात जवळचा रस्ता कसा शोधायचा, ते सांगू लागली. सरांनी मध्येच बोट ठेवलं. "हा कसला जवळचा? इथे शाळा सुटली की अर्धा तास अडकशील."

"बाबा, इथे शाळा नाहीये! ही नुसती टिंबं आहेत."

"मग टिंबाटिंबांत अंतर कशाला?"

ती हसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. त्यांचे प्रश्न बहुतेक निरुपयोगी असत. पण उत्तर द्यायला तिला तोंड उघडावं लागे, आणि ती गप्प झाली की सर उजवा पाय जमिनीवर दाबत. ते रोजचंच झालं.

मुलाखत दुपारी होती. कॅमेरा माझ्याकडे वळवला होता. पडद्यावरच्या बाईंनी कोडं घातलं: बैठकांच्या वेळा दिल्या आहेत, कमीत कमी किती खोल्या लागतील? मौनीबाईने लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. आणि थांबली. मार्करचं टोक माझ्यावर टेकलेलं, हालचाल नाही. दाराबाहेरून आईची कुजबुज आली, "अहो, पाय कसला दाबताय? फरशीला ब्रेक नसतो."

"ऐकू येतंय ना?" बाईंनी विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली. "मी अडकले आहे. कुठे अडकले, ते सांगू का?"

"सांगा ना."

"एक बैठक संपते त्याच क्षणी दुसरी सुरू झाली, तर माझी पद्धत एक खोली जास्त मोजते. म्हणून मी आता सुरू होण्याच्या आणि संपण्याच्या वेळा वेगळ्या मांडून बघते..." ती बोलत राहिली. वेळ संपली तेव्हा उत्तर अर्धंच झालं होतं.

तरी तिची निवड झाली. अडकल्यावर तुम्ही काय करता ते आम्हाला दिसलं, असं त्या बाईंनी कळवलं.

काम परगावी होतं. ती बॅग भरत असताना सर मार्कर घेऊन माझ्यापुढे आले. तिच्या ऑफिसपुढचा चौक त्यांनी नकाशावर बघून ठेवला होता. तो काढून म्हणाले, "इथे बस थांबते. तिच्या मागून येणारे दिसत नाहीत. सिग्नल हिरवा असला तरी एकदा बघायचं."

"बाबा, मी गाडी नाही नेत. चालत जाणार आहे."

"मग तर दोनदा बघायचं."

तिची इंटर्नशिप संपायच्या आत सर गेले.

तो चौक माझ्यावर तसाच राहिला. मुलगी घरी आलेली असताना एकदा आई ओलं फडकं घेऊन आली. मुलगी म्हणाली, "आई, राहू दे."

"कडाच पुसणार होते गं," आई म्हणाली, आणि तिने कडाच पुसल्या.

मित्रांनो, पांढरा फळा रोज पुसत जा. शाई राहिली की मुरते, मग निघत नाही. पण कुणाच्या घरी भिंतीवर असा न पुसलेला फळा दिसला, तर फडकं शोधू नका. हा कुठला चौक, एवढंच विचारा. आणि तिथली एखादी मौनीबाई सांगू लागली, की तिचं संपेपर्यंत ऐका.