अनुसया आत्याचं इंटरनेट

मध्य प्रदेशातल्या रामपायलीच्या शिवारात अनुसया आत्याचा आवाज घड्याळापेक्षा जास्त कामी यायचा. धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, लागली की बाया चिखलात वाकलेल्या असायच्या आणि आत्या धुऱ्यावर, शेताच्या उंच बांधावर, उभी राहून हाक द्यायची. ती हाक पुढच्या बांधीतली, म्हणजे पुढच्या भातखाचरातली, बाई उचलायची, तिच्याकडून तिसरी, असं करत निरोप घरापर्यंत पोचायचा. वरणात मीठ टाकायला विसरू नका, असले निरोपसुद्धा असेच जायचे.

याच आत्याने भाचीचा, श्रुतिकाचा, कंप्युटर क्लास बंद करायचं ठरवलं होतं. पोरी कंप्युटरवर ‘चॅटिंग’ करतात, असं वारासिवनीच्या बाजारात कुणीतरी तिच्या कानात भरवलं होतं. आणि क्लासची परीक्षा अगदी तोंडावर आलेली. श्रुतिकाचे बाबा महागू बहिणीपुढे तोंड उघडायचे ते फक्त जेवायला.

“मले सांग, त्या डब्यात कोनाशी बोलून राह्यली तू?” आत्याने विचारलं.

“कोनाशीच नाही वो आत्या. इंटरनेट म्हंजे...”

आत्याच्या कपाळावरची आठी काही हलेना. सांगून पटत नाही तर चित्र काढून दाखवू, असं श्रुतिकाने ठरवलं. पण चित्रकलेत तिची गाय आणि खाट सारखीच दिसायची.

वारासिवनीच्या त्या क्लासमध्ये दहा वर्षांपूर्वीचा एक चॅटचा प्रोग्राम पडून होता. त्यात गप्पा टाईप केल्या की त्यांची चित्रकथा व्हायची: एकेका वाक्याला एकेक चौकट, त्यात बोलणारी माणसं आणि डोक्यावर फुगे. श्रुतिका वायरने जोडलेल्या दोन कंप्युटरांवर बसली. नावं बदलून बदलून कधी ही बाई व्हायची, कधी ती, आणि या खुर्चीतून त्या खुर्चीत पळत स्वतःशीच गप्पा मारायची. आत्या ज्याला घाबरत होती ते चॅटिंग म्हणजे एवढंच!

पण पंचाईत झाली. क्लासमधली हिंदी अक्षरं म्हणजे वरवरची रंगरंगोटी, कंप्युटरच्या लेखी आतून ती इंग्रजीच, आणि त्यातली बरीच मोठ्या, कॅपिटल एबीसीडीतली. मोठी अक्षरं दिसली की प्रोग्रामला वाटायचं, माणूस ओरडतोय. त्यामुळे चौकटीचौकटीत बाया जबडा वासून उभ्या!

“बिगड गया मामला,” क्लासचे प्रेमलाल सर म्हणाले. “मिटा दे.”

श्रुतिका पडद्याकडे बघत राहिली आणि तिला एकदम हसू फुटलं. ओरडणाऱ्या बाया तर तिने रोजच पाहिल्या होत्या! तिने सगळं पुसून नव्याने लिहिलं. पहिली बाई धुऱ्यावरून ओरडते, ‘पुष्पलता, डबा पाठव!’ दुसरी तेच ओरडते, तिसरीही तेच. शेवटी पुष्पलता ‘ओ’ देते. ती चित्रकथा कागदावर छापून खाली तिने लिहिलं: इंटरनेट असंच चालतं. ज्याचं नाव घेतलं त्यानेच ओ द्यायची. अनोळखी हाकेला आपण गप्प.

दुसऱ्या दिवशी बांधीवर जेवताना आत्याने अक्षरं जुळवत जुळवत तो कागद वाचला. बाया घास धरून थांबल्या.

“हे मोठ्या तोंडाची, मी काय?”

“हौ,” श्रुतिका कशीबशी म्हणाली.

“म्हंजे मी शिकवलं तेच त्या डब्यात हाये?” आत्या पोट धरून हसली. “मंग काहून भेतो मी? जाय परीक्षेले!”

परीक्षेच्या दिवशी नेमकी श्रुतिकाची चप्पल चिखलात रुतली आणि तिकडे सडकेवर वारासिवनीची बस हलली. श्रुतिकाच्या डोळ्यांत पाणीच आलं. आत्या तरातरा धुऱ्यावर चढली.

“बस थांबवाऽ!”

हाक बांधीमागून बांधी ओलांडत गेली. सडकेजवळच्या गोदाबाईने चिखलाने माखलेले हात आडवे पसरले आणि बस करकचून थांबली. श्रुतिका अनवाणी धावत आली नि चढली. तेवढ्यात मागून पुन्हा हाक येऊ लागली, या बांधीतून त्या बांधीत, आणि गोदाबाईने ती खिडकीशी पोचवली.

“श्रुतिकाऽ! आत्या म्हनते, पास होऊनच येजो!”

श्रुतिकाने खिडकीबाहेर डोकं काढलं आणि कागदावरच्या त्या बाईसारखा जबडा वासून, साऱ्या शिवाराला ऐकू जाईल अशी ‘ओऽ’ दिली.