सहा यंत्रे आणि न संपणारी दंडार

मित्रांनो, आधी मोजून सांगतो. माझ्या अंगावर दिवे चार. अँटेना दोन, त्यांतली एक मोडून चिकटपट्टीने बांधलेली. माझ्या जिवावर चालणारी यंत्रे सहा : चार मोबाइल, एक लॅपटॉप आणि एक टीव्ही. या सहा जणांत वाटायला माझ्याकडे दर सेकंदाला दहा मेगाबिट येतात, त्याहून जास्त कधीच नाही. मी वरठीतल्या एका घराचा जुना राउटर आहे, आणि सहांपैकी पाच जणांबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पाच वर्षांपूर्वी अश्वजितने मला भंडाऱ्याहून मोटरसायकलवर आणले. तो इथल्या स्टीलच्या कारखान्यात कामाला आहे. माझे दिवे पहिल्यांदा लागले तेव्हा घरातले सगळे माझ्यासमोर उभे होते. अश्वजितचे वडील यादोराव, ज्यांना सगळे आबाजी म्हणतात, त्यांनी शेजारच्या मारोतरावांना मुद्दाम बोलावून आणले. ''हा हिरवा लुकलुकते ना, तवा समजा का नेट येऊन राहिलं,'' असे ते अभिमानाने सांगत होते. अश्वजितची बायको सरिता मला रोज मऊ फडक्याने पुसायची.

मग तिसऱ्या वर्षी टीव्ही आला.

त्रेचाळीस इंचांचा. त्याच्यासाठी सरिताने जुन्या साडीचे काठ लावून झाकण शिवले. माझ्या मागे कोळ्याने जाळे विणले. चित्रे मी आणतो, तो फक्त दाखवतो. पण ''काय झकास दिसते!'' हे त्याला म्हणतात. नेट अडखळले की मात्र सगळे माझ्याकडे बघून म्हणतात, ''हा डब्बा बदलवा आता.'' मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी जळत होतो. दुपारी खिडकीतल्या उन्हाने माझे अंग तापायचे, पण ती जळजळ वेगळी.

आबाजींचा तर सगळा जीव त्या टीव्हीवर. त्यांना दंडारीचा नाद. दंडार म्हणजे आपल्या झाडीपट्टीतला नाचगाण्याचा खेळ. आता ती त्यांना व्हिडिओच्या साइटवर घरबसल्या मिळू लागली.

अश्वजित आणि सरिताची मुलगी प्रतिक्षा नुकतीच बी.एस्सी. झाली होती. पुण्याच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिला नोकरी हवी होती आणि मुलाखत लॅपटॉपवरून व्हायची होती. मंगळवारी ती मुलाखतीला बसली. सात मिनिटांत कॉल चार वेळा तुटला. समोरच्या बाईंनी तिला शनिवारी साडेअकराची वेळ दिली आणि स्पष्ट सांगितले, ही शेवटची.

प्रतिक्षा उठली ती थेट धाकट्या भावाकडे गेली.

''सुगत, तू व्हिडिओ पाहून राहिला होता ना?''

''नाही ना ताई! मी तं मोबाइल चार्जिंगले लावला होता.''

''खोटं नको बोलू. घरात दुसरं कोण पाहते?''

तिने लॅपटॉपवर माझ्या सेटिंगचे, आतले पान उघडले. पाच वर्षांत पहिल्यांदाच कोणी आत डोकावले! तिथे तिने सुगतच्या मोबाइलसाठी व्हिडिओच्या साऱ्या साइट बंद करून टाकल्या. मी ओरडून सांगणार होतो, चोर तो नव्हे, चोर समोर काठाचे झाकण घालून बसतो. पण मला आवाज कुठे आहे?

बुधवारी दुपारी तिने मैत्रिणीला, टीनाला, कॉल लावून पाहिला. दहा मिनिटांत सहा वेळा तुटला.

''पाहिलं?'' सुगत म्हणाला. ''आता माझा मोबाइल जाळून पाहतं का?''

प्रतिक्षा चिडली नाही. वही घेऊन बसली. एकेक यंत्र बंद करायचे, लॅपटॉपला किती वेग मिळतो तो मोजायचा आणि लिहायचा. सगळे चालू असताना ०.९. सुगतचा मोबाइल बंद केल्यावर ०.९. आईचा बंद केल्यावर १.०. मग ती बैठकीत आली. आबाजी खुर्चीत घोरत होते. टीव्हीचा आवाज शून्यावर होता आणि पडद्यावर दंडार नाचत होती. तिने तो बंद केला. ८.७.

त्या क्षणी मला झालेला आनंद चार दिव्यांत मावत नव्हता.

आबाजी जागे झाले. ''काहून बंद केला वं?''

''आबाजी, मंगळवारी माझ्या मुलाखतीच्या वक्ती हा चालू होता?''

''होता. पन आवाज बंद केला होता ना मी! तुले तरास नोको म्हनून.''

''पन मंग पूर्णच बंद काहून नाही केला?''

''असं कसं? नाचनारे नाचून राहिले, अन मी मधातूनच उठून जाऊ? खेळ संपल्याबिगर उठत नाही मी. कलाकाराचा अपमान होते.''

''आबाजी, तो खेळ संपतच नाही. एक संपला का दुसरा आपोआप लागते.''

आबाजींचे तोंड उघडेच राहिले. ''म्हंजे मी दिवाळीपासून एकच दंडार पाहून राहिलो काय?''

आतून सरिता सासऱ्यांना उद्देशून हसत म्हणाली, ''तरीच मामाजी जेवाले उठत नोहोते!''

सगळे हसले, पण आबाजी हसले नाहीत. वरठीला येण्याआधी ते एकोडीला राहत. तिथल्या तलावाचे पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या शेतांना, वाटून देण्याचे काम त्यांनी एकवीस वर्षे केले होते. प्रतिक्षाने त्यांना वहीतले आकडे दाखवले. त्यांनी ०.९ आणि ८.७ वर बोट ठेवले.

''वरची बांधी पानी अडवते, तं खालची वाळते,'' ते हळूच म्हणाले. ''सारा जलम मी लोकायले हेच सांगितलं. अन वरची बांधी मीच निघालो.''

प्रतिक्षाने सुगतचा मोबाइल मोकळा केला. ''चुकली मी. मोजायच्या आधीच बोलली,'' ती म्हणाली. त्याने बदल्यात तिच्या गाडीची चावी मागितली आणि मिळवली. मग टीव्हीला तिने दीड मेगाबिटची मर्यादा घातली. चित्र थोडे धूसर झाले. आबाजींना फरक कळला नाही. मला कळला. मी रोज बघत होतो.

शनिवारी सकाळी सव्वाअकराला आबाजी टीव्हीसमोर उभे राहिले.

''राहू द्या आबाजी, दीडच घेते आता तो. चालते,'' प्रतिक्षा म्हणाली.

''नाही. आता तुही पाळी आहे. दुसऱ्याच्या पाळीत थेंबही घ्याचा नसते.''

पडद्यावर दंडार रंगात आली होती. आबाजींनी नाचणाऱ्यांना हात जोडले, ''माफी द्या जी,'' म्हणाले आणि बटण दाबले. मित्रांनो, बंद होतानासुद्धा त्यालाच नमस्कार मिळाला! मला पाच वर्षांत कोणी हात जोडले नाहीत.

मग आबाजींनी खुर्ची उचलली आणि माझ्यासमोर आणून ठेवली. खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझ्या मागचे जाळे काढले. माझ्या पाठीला हात लावून पाहिला. ''केवढा तापला हा, बिचारा,'' म्हणत त्यांनी खिडकीचा पडदा ओढला आणि माझ्या हिरव्या दिव्याकडे बघत बसले. एकोडीला पाण्याच्या पाळीवर बसत असतील, तसे.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखा एखादा असेल. बघून झालेला व्हिडिओ बंद करा, आणि घरात कोणाचे महत्त्वाचे काम असेल तेव्हा तेवढा वेळ त्याला द्या. भावावर आळ घेण्याआधी मोजून बघा. आणि महिन्यातून एकदा आमचीही धूळ पुसा. आम्ही मागून घेऊ शकत नाही.

मुलाखत साडेअकराला सुरू झाली. एक्केचाळीस मिनिटे चालली. कॉल एकदाही तुटला नाही. तेवढ्या वेळात आबाजींनी टीव्हीकडे दोनदा पाहिले.