लाल दोऱ्यातले शब्द

"खळ शिजवायची आमी, हात पोळायचे आमचे, आणि पुस्तक कुणाचं, तर नणंदबाईंचं." नजीरा चुलीपुढं पुटपुटली. पुटपुटणंही असं बेतशीर, की उंबऱ्यापलीकडच्या नवऱ्याला ऐकू जावं, पण त्याला उत्तर द्यावं लागू नये.

गौसनं दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं. तो सुईत दोरा ओवत होता.

गंगावेशीत त्याचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. शाहू महाराजांच्या राज्यात शाळा वाढल्या, तशी फाटकी पुस्तकंही वाढली होती. गौसची धाकटी बहीण जुलेखा मुरगूडला दिलेली. ती चार दिवसांसाठी म्हणून आली आणि राहिली. मग मुरगूडच्या एका घोंगडीवाल्याकडून कळलं, की तिच्या नवऱ्यानं, गैबीनं, दुसरं लग्न केलं. घरात तिघांनीही हे ऐकलं होतं. एकमेकांशी बोललं मात्र कुणीच नव्हतं.

जुलेखा मुलींच्या शाळेत जाऊ लागली. थोडं इंग्रजी जमलं तर मास्तरीण म्हणून घेऊ, असं तिथल्या बाईंनी सांगितलं होतं. पण शब्द टिकत नव्हते. सकाळी पाठ केलेला शब्द दुपारी भाकरीबरोबर पोटात जाई. बाई म्हणाल्या, अर्थ लिहू नकोस, वस्तूच लाव.

म्हणून गौसनं तिचं वाचनाचं पुस्तक उसवलं आणि पानाआड एकेक कोरं पान घालून पुन्हा शिवलं. कोऱ्या पानावर जुलेखा खळीनं वस्तू चिकटवी. 'फेदर'पाशी कोंबडीचं पीस, 'थ्रेड'पाशी दोरा, 'सॉल्ट'पाशी चिमूटभर मिठाची चिंधीतली पुरचुंडी. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला गौसनं तीन रंगांचे दोरे ताणून बसवले. नव्या शब्दाची चिठ्ठी लाल दोऱ्यात खोवायची. न बघता आठवला की पिवळ्यात, पक्का झाला की हिरव्यात. विसरला तर परत लालात.

"ही अक्कल तुमाला सुचली?" नजीरानं विचारलं.

"व्हय की."

"माझ्या कुराणशरीफचा पुठ्ठा दोन पावसाळे निघालाय. त्येला न्हाई सुचली ती."

"करतो म्हणलं न्हवं का."

"करा की. मी कुठं मुरगूडला निघालीया?"

गौस पुन्हा सुईत दोरा ओवू लागला. मुरगूड म्हटलं की त्या घरात सगळ्यांनाच काहीतरी काम आठवे.

संध्याकाळी भाऊबहीण दिव्यापाशी बसत. तो चिठ्ठी दाखवी, ती शब्द सांगे, चुकली की दोघं हसत. नजीरा पलीकडं भाकऱ्या थापी. तिला ते शब्द नको होते. ते हसणं हवं होतं. तिच्याशी बोलताना गौस कधी हसलाच तर तोंडात सुई धरून.

एके दिवशी तिनं खळीत मोरचूद घातला नाही. पुस्तक बांधणाऱ्याच्या घरात हे भाजीत मीठ विसरण्यासारखं नव्हे. मोरचुदाचं विष नसलं की कणकेच्या खळीला कसर लागते. ती लागलीच. पीस झडलं, पानाला भोकं पडली, हिरव्या दोऱ्यातल्या चिठ्ठ्या चाळणीसारख्या झाल्या.

गौसनं पान दिव्याशी नेलं. खळीला मोरचुदाची निळसर झाक नव्हती, त्यावरून त्याला कळलं. त्यानं बायकोकडं पाहिलं आणि पुस्तक मिटलं.

जुलेखाच म्हणाली, "हवाच तशी हाय, भाभी. कसर लागतीच." आणि नवं पीस शोधायला परसात गेली.

नजीराला त्या दिवशी जेवण गेलं नाही. माफ करण्यातही हीच पुढं.

त्याच आठवड्यात मुरगूडहून दिलदारचाचा आले, गैबीचे थोरले चुलते. चहा झाला, पाऊसपाणी झालं.

"जुलेखाच्या सासूला बरं न्हाई," चाचा म्हणाले. "घरात करणारं माणूस न्हाई. पोरीला पाठवा."

गौस सुईचं टोक नखावर घासत बसला. "तिची शाळा हाय," एवढंच म्हणाला.

"शाळा काय पळून जातीया? नांदत्या बाईनं घरी असावं."

गौसनं मान खाली घातली. नजीराला हेच तर हवं होतं. ती आत गेली आणि खुंटीवरची जुलेखाची पिशवी स्वतः काढून आणली. जुलेखानं दोन लुगडी भरली. पुस्तक हातात घेतलं, एक चिठ्ठी लाल दोऱ्यातून काढून पिवळ्यात खोवली, आणि ते फळीवर ठेवलं.

"घे की ते," नजीरा म्हणाली.

"ऱ्हाऊ दे, भाभी. तिथं कोण विचारणार हाय?"

पिशवी घेऊन ती बाहेर आली. चाचांनी पटका सारखा केला. गौस अजूनही सुईकडंच बघत होता. नजीरानं नवऱ्याकडं पाहिलं, एवढ्या मोठ्या माणसाला दोन शब्द फुटेनात. मग तिनं जुलेखाच्या हातातली पिशवी ओढून घेतली.

"पावणं, बसा जरा," ती म्हणाली. "माझं हिच्याशी पटत न्हाई. हिचं पुस्तक दिसलं की माझा जीव जळतो. ते आमचं आमी बघू. पण घरात करणारं माणूस न्हाई म्हणता, मग गैबीनं दुसरी बायको करून आणलीया, ती काय करती?"